तिएग्वानयिन

चीनच्या फूज्येन प्रांतातील आन्शी परगण्याचा प्रसिद्ध ऊलाँग चहा. करुणादेवी ग्वानयिनचे नाव त्याला मिळाले. ग्वानयिन म्हणजे अजिंठ्यात कोरलेल्या, रंगवलेल्या अवलोकितेश्वराचेच चिनी रूप. उगमकथा दोन, दोन्ही अठराव्या शतकातल्या. वेई नावाचा गरीब शेतकरी देवीचे पडके देऊळ महिन्यातून दोनदा झाडून धूप लावी. तिने स्वप्नात दाखवलेल्या जागी त्याला चहाचे रोप सापडले. त्याने ते वाढवले आणि फांद्या शेजाऱ्यांना वाटल्या. दुसऱ्या कथेत वांग या विद्वानाला खडकाखाली झुडूप मिळते व छ्येनलुंग सम्राट (कारकीर्द १७३५–१७९६) नाव देतो. वेईची कथा लागवडीच्या वास्तवाशी अधिक जुळते. कारण हा वाण कलमांनीच वाढवतात. आन्शीतील चहापरंपरेला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषिवारशाचा दर्जा दिला.