ब्रंट, बर्डन आणि ओनस

ब्रंट, बर्डन आणि ओनस ही इंग्रजी भाषेतील तीन नामे आहेत. एखाद्या गोष्टीचा मुख्य जोर, आघात किंवा भार व्यक्त करण्यासाठी ती वापरली जातात. त्यांचे अर्थ परस्परांच्या जवळचे असले, तरी ती सहसा एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. ब्रंट म्हणजे बाहेरून येणाऱ्या आघाताचा सर्वांत तीव्र भाग, बर्डन म्हणजे वाहावयाचे ओझे, तर ओनस म्हणजे एखादी गोष्ट करण्याचे किंवा सिद्ध करण्याचे दायित्व होय. जिस्ट आणि ग्रॅव्हेमेन हे शब्दही याच अर्थक्षेत्रात येतात. न्यायालयीन भाषेत या शब्दांना विशेष महत्त्व आहे. कारण सिद्धतेचा भार कोणावर आहे, यावर खटल्याचा निकाल अवलंबून असू शकतो.

व्युत्पत्ती आणि अर्थ

ब्रंट हा शब्द चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आढळतो. त्याचे मूळ निश्चित झालेले नाही. आरंभी त्याचा अर्थ ‘प्रहार’ असा होता. पुढे तो ‘हल्ला’ आणि त्यानंतर ‘हल्ल्याचा मुख्य जोर’ या अर्थाने रूढ झाला. आधुनिक इंग्रजीत हा शब्द जवळजवळ केवळ ‘सोसणे’ या अर्थाच्या क्रियापदासह येतो. युद्धातील आघाडीची तुकडी, वादळाच्या वाटेतील गाव किंवा महागाईत सापडलेले कुटुंब ‘ब्रंट’ सोसते, असे म्हटले जाते.

बर्डन हा मूळचा जर्मानिक शब्द असून तो ‘वाहणे’ या अर्थाच्या धातूपासून बनला आहे. संस्कृतमधील ‘भृ’ हा धातूही त्याच इंडो-युरोपीय मुळातून आलेला आहे. त्यामुळे मराठीतील ‘भार’ आणि इंग्रजीतील ‘बर्डन’ हे केवळ समानार्थी नव्हेत, तर सगोत्र शब्द ठरतात. ‘बर्थेन’ हे त्याचे जुने रूप जहाजाच्या मालवहनक्षमतेसंबंधी दीर्घकाळ वापरात होते.

इंग्रजीत याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे. तो फ्रेंचमधील ‘बूर्दाँ’ म्हणजे सतत घुमणारा खालचा स्वर, या शब्दाशी जोडला जातो. त्याचा अर्थ गीताचे ध्रुपद असा होतो. भाषणाचा किंवा युक्तिवादाचा ‘बर्डन’ म्हणजे त्यात पुन्हा पुन्हा येणारा मुख्य मुद्दा. येथे ओझ्याचा संबंध नसतो.

ओनस हा लॅटिन शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘ओझे’ असाच आहे. तो सतराव्या शतकात इंग्रजीत आला. दोषमुक्त करणे या अर्थाचे ‘एक्झॉनरेट’ हे क्रियापद याच मुळापासून बनले असून त्याचा शब्दशः अर्थ ‘ओझे उतरविणे’ असा आहे.

जिस्ट हा शब्द इंग्लंडमधील न्यायालयांच्या जुन्या फ्रेंच परिभाषेतून आला. दावा कोणत्या आधारावर उभा आहे, हे सांगताना तो योजला जाई. आज त्याचा अर्थ ‘सार’ असा आहे. ग्रॅव्हेमेन हा ‘जड’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून बनला असून तक्रारीतील सर्वांत गंभीर भाग असा त्याचा अर्थ होतो.

कायद्यातील वापर

जो विधान करतो त्यानेच ते सिद्ध करावे, हा नियम रोमन कायद्यात विधिज्ञ पाउलस याच्या नावे नोंदविलेला आहे. इंग्लंडमध्ये १९३५ साली वूल्मिंग्टन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने फौजदारी खटल्यांसाठी हे तत्त्व स्पष्ट केले. आपल्या हातून पत्नीवर गोळी चुकून सुटली, असा आरोपीचा बचाव होता. तो अपघात होता हे आरोपीने सिद्ध करावे, असे ज्यूरीला सांगण्यात आले होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते चुकीचे ठरवून शिक्षा रद्द केली.

भारतात हे नियम भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १०१ पासून पुढे दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली असून त्यात ही तरतूद कलम १०४ पासून सुरू होते. दोन्ही बाजूंनी कोणताच पुरावा दिला नाही तर जो पक्ष हरेल, त्याच्यावर भार असतो, अशी कसोटी कायद्याने घालून दिली आहे. आरोपीने कायद्यातील एखाद्या अपवादाचा आधार घेतल्यास तो अपवाद लागू होतो हे दाखविण्याचा भार मात्र आरोपीवर असतो.

मुंबईतील नानावटी खटल्यात (१९५९–६१) हा मुद्दा निर्णायक ठरला. गोळ्या झटापटीत चुकून सुटल्या, असा आरोपीचा बचाव होता. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरविले. अपघाताच्या अपवादाचे सर्व घटक पुराव्याने सिद्ध झाल्याखेरीज तो लागू होत नाही, हे सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावून सांगितले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ही गंभीर चूक मानली. मुंबई उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप १९६१ मध्ये कायम झाली.

बर्डन आणि ओनस यांत सर्वोच्च न्यायालयाने राघवम्मा विरुद्ध चेंचम्मा या दत्तकविषयक प्रकरणात भेद केला आहे. त्यानुसार एखादे तथ्य सिद्ध करण्याचा ‘बर्डन’ मूळ पक्षावरच राहतो. ‘ओनस’ मात्र पुरावा पुढे येईल तसा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे सरकतो. व्यवहारात हे दोन्ही शब्द अनेकदा समानार्थी वापरले जातात.

मराठी प्रतिशब्द

ब्रंटसाठी मराठीत एकच नेमका शब्द नाही. आघात अकस्मात असेल तर ‘तडाखा’ आणि दीर्घकाळ जाणवणारा असेल तर ‘झळ’ हे शब्द योजले जातात. उदाहरणार्थ, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाचा तडाखा रायगड जिल्ह्याला बसला, तर बागायतदारांना त्याची झळ नंतरही सोसावी लागली. बर्डनसाठी ‘भार’ व ‘ओझे’, तर ओनससाठी ‘दायित्व’ व ‘जबाबदारी’ हे शब्द वापरतात. कायद्याच्या मराठीत ‘शाबितीची जबाबदारी’ व ‘सिद्धतेचा भार’ असे प्रयोग आढळतात. त्यांतील ‘शाबीत’ हा शब्द अरबी मुळाचा आहे. ध्रुपद या अर्थाच्या बर्डनला ‘पालुपद’ हा शब्द जवळचा आहे. गीतातील आवर्तनाप्रमाणेच बोलण्यात वारंवार येणाऱ्या मुद्द्यालाही मराठीत पालुपद म्हणतात.