आजी कामाला जात होती : कष्टकरी स्त्री आणि बाळंतपणाचा कायदा



आपल्या वस्तीतल्या कुठल्याही जुन्या घरात विचारा, "आजोबा काय करीत होते?" लगेच उत्तर येते, गिरणीत होते, गोदीत होते, रेल्वेत होते. "आणि आजी?" तर म्हणतात, "आजी घरीच." मग कुणीतरी आठवून सांगते, "थोडे दिवस वाइंडिंगला जात होती म्हणे." बायांच्या श्रमाची आठवण अशी अर्धवट राहते. अभ्यासकांनी ती आता नीट लिहून काढली आहे. ती आपल्या मुला-मुलींना ठाऊक व्हावी, एवढ्यासाठीच हा लेख.

१९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत पाच कामगारांमागे जवळपास एक बाई होती. बहुतेक बाया वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात असत. त्यांच्यावर देखरेख करणारी ती नायकीण. कामाच्या मापावर मजुरी, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. आपल्या समाजाला तर दुहेरी जाच होता. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना त्या खात्यात येऊच दिले जात नव्हते.

बाळंतपण आले की बाईची मजुरी बुडायची. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलावा. पण बाईला कामावर ठेवून मालकाचाही फायदा होतो, तेव्हा त्यालाही अंग काढून घेता येणार नाही. १९२९ साली कायदा झाला, पण भार टाकला तो एकट्या मालकावर.

पुढे काय झाले? बायांची संख्या घटत गेली. इतिहासकार राधा कुमार यांनी १९१९ ते १९३९ या काळातील गिरण्यांतील स्त्रियांवर संशोधन केले आहे. अशा अभ्यासांतून दिसते की, एकट्या कायद्याला दोष देऊन चालणार नाही. नवी यंत्रे आली, रात्रपाळीला बायांना बंदी होती, आणि घर चालविणारा तो पुरुषच, अशी समजूत मालकांत तशीच कामगार चळवळीतही होती. कपातीची वेळ आली की पहिला नंबर बाईचा. १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत बाया शंभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या.

पण आपल्या बाया गप्प बसल्या नव्हत्या. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. गिरणीतील व इतर कष्टकरी बायांना रजा, दुखापतीची भरपाई व निवृत्तिवेतन मिळावे, अशा मागण्यांचे ठराव तिथे झाले. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्या आयांनी हे मागितले होते!

त्याच जुलैत बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या कारकिर्दीत खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती कायद्यात सुधारणा झाल्या. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. युद्धकाळात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ साली सरकारने भूमिगत खाणीत स्त्रियांना असलेली बंदी उठविली. त्यावर टीका झाली. बाबासाहेबांनी कायदेमंडळात निर्णयाची बाजू मांडली, आणि समान कामाला समान वेतन हे तत्त्व तिथे पाळले जात असल्याचे सांगितले. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. समान वेतनाचा देशव्यापी कायदा यायला मात्र १९७६ साल उजाडावे लागले.

२०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील दोनशे वर्षांची माहिती तपासली. त्यांना दिसले की, आजच्या काळात स्त्री-पुरुषांच्या कमाईतील मोठी तफावत पहिल्या मुलाच्या जन्मापासून पडू लागते. म्हणजे १९२८ चा प्रश्न आजही तोच आहे : मूल सगळ्या समाजाचे, मग त्याची किंमत एकट्या आईने का मोजावी? आपल्याकडे २०१७ साली प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण त्या काळातील पगाराचा बोजा पुन्हा मालकावरच राहिला. आणि घरकाम, बिगारी, कचरावेचणी करणाऱ्या आपल्या भगिनींपर्यंत ती रजा पोहोचलीच नाही.

वर्धापनदिनी आपण विहारात जमतो, तेव्हा एक काम करू या. घरातल्या म्हाताऱ्या आईजवळ बसा. ती कुठल्या खात्यात होती, मजुरी किती होती, बाळंतपणाला रजा मिळाली का, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या पिढीने "आजी घरीच होती" असे म्हणू नये.

जय भीम!