हैदराबादचा निकाल आणि हृदयातील वीज

मांडीच्या शिरेतून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची एक लवचीक तार हृदयापर्यंत न्यावयाची, तिच्या टोकाशी बसविलेल्या धातूच्या कड्यांनी हृदयातील वीज टिपावयाची आणि बिघाड नेमका कोठे आहे हे हुडकून काढावयाचे, ही तपासणी आज हैदराबादच्या मोठ्या रुग्णालयांत नित्याची झाली आहे. या तारेला कॅथेटर म्हणतात. याच हैदराबादेतून १८८९ साली साऱ्या जगातील वैद्यांना एक निकाल ऐकविण्यात आला होता. क्लोरोफॉर्मची भूल देताना रोगी दगावतो तो श्वास कोंडल्यामुळे अथवा मात्रा अधिक झाल्यामुळे. हृदयाला त्यापासून थेट धोका मुळीच नाही, असा तो निकाल होता. पुढे तो टिकला नाही. तो का टिकला नाही हे ध्यानी घेतले, म्हणजे कॅथेटरसारख्या साधनाची गरज माणसाला का पडली, याचाही उलगडा होतो.

एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा गुण जगापुढे मांडला. तीन महिने होतात न होतात तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगविल्यावर अवघ्या काही मिनिटांत मरण पावली. शस्त्रक्रिया केवढी, तर पायाच्या बोटाचे नख काढण्याची. त्यानंतर असे मृत्यू अधूनमधून होतच राहिले, आणि त्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसे. मोठ्या, लांबलेल्या शस्त्रक्रियेत रोगी वाचत. उलट किरकोळ कामासाठी, भूल नुकती कोठे चढू लागली असतानाच, धडधाकट माणूस एकाएकी जाई. दोष कोणाचा? लंडनचे जॉन स्नो हृदयाकडे बोट दाखवीत. एडिंबरोचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य जेम्स साइम यांची शिकवण अशी की, नजर श्वासावर ठेवावी, म्हणजे पुरे. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. भूल देणाऱ्याने एक हात नाडीवर ठेवावा की न ठेवावा, हे त्यावर ठरावयाचे होते, आणि त्यावर रोज कोणाचा ना कोणाचा जीव अवलंबून होता.

साइम यांचे एक शिष्य, एडवर्ड लॉरी, हैदराबादेत रेसिडेन्सीचे सर्जन म्हणून आले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ज्या मराठवाड्याची राजधानी हैदराबाद हीच होती, तेथील जुन्या घराण्यांना मुसी नदीच्या काठचे अफझलगंजचे रुग्णालय सांगावयास नको. १९०८ च्या महापुरात ते वाहून गेले आणि पुढे उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत नदीकाठी उभी राहिली. १८४६ साली स्थापन झालेल्या हैदराबाद वैद्यकीय शाळेचे प्रमुखपदही लॉरी यांच्याकडे होते. मुलींनाही वैद्यक शिकविण्याचा उपक्रम तेथे झाला. त्या विद्यार्थिनींपैकी रूपाबाई फर्दुनजी यांनी पुढे याच शहरात भूल देण्याचे काम केले, आणि जगातील अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

लॉरी गुरूंच्या मताचे कट्टर अभिमानी होते. त्यांच्या प्रेरणेने १८८८ साली पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमले गेले, आणि त्याने श्वासाच्या बाजूने कौल दिला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्याविषयी शंका प्रकट केली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने जे केले, ते त्या काळच्या एखाद्या संस्थानाकडून कोणी अपेक्षिले नसते. ‘लॅन्सेट’ने आपल्या विश्वासाचा तज्ज्ञ पाठवावा, सारे प्रयोग त्याच्यासमक्ष पुन्हा करून दाखवू, असे आव्हान देऊन सरकारने त्यासाठी एक हजार पौंड दिले. साप्ताहिकाने टॉमस लॉडर ब्रंटन यांची निवड केली. छातीतील कळ थांबविण्यासाठी अमिल नायट्राइट वापरण्याची युक्ती १८६७ साली जगाला देणारे हेच ते ब्रंटन. क्लोरोफॉर्म हृदयावर घाला घालतो, असाच त्यांचा समज होता आणि तो घेऊनच ते १८८९ च्या शरद ऋतूत हैदराबादेत उतरले.

काम झडझडून झाले. कुत्री, माकडे, बकऱ्या, मांजरे, ससे आणि घोडेसुद्धा मिळून सुमारे ४९० प्राणी प्रयोगांत घेण्यात आले. त्यांपैकी १२० प्राण्यांच्या रक्ताचा दाब मॅनोमीटरने मोजण्यात आला आणि दाबाच्या चढउतारांच्या रेषांची छायाचित्रे घेण्यात आली. अखेर ब्रंटन यांचे मन पालटले. हृदयाला थेट धोका मुळीच नाही, अशी तार त्यांनी लंडनला केली, आणि १८९० साली ‘लॅन्सेट’ने कमिशनचा अहवाल छापला. भूल देणाऱ्याने श्वासावरच विसंबावे, नाडीकडे पाहण्याचे कारण नाही, असा त्याचा मथितार्थ होता.

आता काळाचा योग पाहा. त्याच १८८९ सालच्या जानेवारीत, म्हणजे ब्रंटन हैदराबादेत येण्यापूर्वी काही महिने, स्कॉटलंडमधील ॲबरडीनचे जॉन मॅकविल्यम यांनी आकस्मिक मृत्यूवर एक लेख प्रसिद्ध केला होता. प्राण्यांची उघडी हृदये पाहताना त्यांना दिसले होते की, काही प्रसंगी हृदय स्वस्थ थांबत नाही. त्याचे स्नायुतंतू आपापल्या तालावर वेडेवाकडे थरथरू लागतात. वारुळातून मुंग्या उसळाव्यात, तशी सारी हालचाल असते, परंतु त्या हालचालीतून रक्ताचा एक थेंबही पुढे ढकलला जात नाही. माणसांचे पुष्कळसे आकस्मिक मृत्यू याच थरथरीने होत असले पाहिजेत, असे त्यांनी सुचविले. या अवस्थेला आज जवनिकांचे फिब्रिलेशन म्हणतात. जवनिका म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे, आणि कर्णिका म्हणजे वरचे दोन.

मॅकविल्यम यांच्या म्हणण्याकडे वीस वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मग १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग केले आणि जुन्या कोड्याची उकल झाली. क्लोरोफॉर्म भरपूर देऊन खोल भूल चढविली, तर हृदय मंदावते, परंतु असे थरथरत नाही. उलट क्लोरोफॉर्म अल्प प्रमाणात, थांबत थांबत दिला आणि त्याच वेळी प्राणी उत्तेजित झाला, किंवा त्याच्या रक्तात ॲड्रेनलिन गेले, की जवनिका एकाएकी थरथरू लागतात आणि क्षणात सारे आटोपते. भ्यालेल्या माणसाच्या रक्तात ॲड्रेनलिन आपोआपच उतरते. म्हणजे भूल नुकती चढू लागली असता घाबरलेला, धडधाकट रोगी का जात असे, हे आता स्पष्ट झाले. नख काढावयास आलेली मुलगी आणि तिच्यासारखे कित्येक कशाने गेले असतील, याचे पटण्याजोगे उत्तर सहा दशकांनी मिळाले.

मग हैदराबादच्या मंडळींना हे दिसले कसे नाही? ती आळशी नव्हती, अप्रामाणिक तर नव्हतीच. परंतु त्यांच्या प्रयोगांचा रोख अतिमात्रेकडे होता. श्वास थांबेपर्यंत क्लोरोफॉर्म देत जावयाचे आणि आधी काय थांबते ते पाहावयाचे, हीच त्यांची मुख्य रीत. तेव्हा श्वास आधी थांबे, यात नवल नाही. रोग ज्या परिस्थितीत उद्भवतो ती परिस्थिती, म्हणजे हलकी भूल आणि भय यांची जोड, त्यांच्या प्रयोगांत नेमकी हाती लागली नाही. दुसरे कारण साधनाचे. दाब किती उतरला, एवढेच मॅनोमीटर सांगतो. तो का उतरला, हे सांगत नाही. हृदयाचा ठोका विजेच्या लहरीने पडतो आणि ती लहर विस्कटली की ठोकाही विस्कटतो, ही गोष्ट दाबाच्या रेषेत वाचता येत नाही.

ती लहर बाहेरून टिपण्याची पहिली खटपट १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी केली होती. नेदर्लंड्समधील लायडनचे विलेम आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तारेचा गॅल्व्हनोमीटर तयार केला, आणि आपल्या परिचयाचा ई.सी.जी. जन्मास आला. तथापि ई.सी.जी. हा हृदयाचा निरोप त्वचेवर ऐकतो. देवळाच्या बाहेर उभे राहिल्यावर आत घंटा वाजली एवढे कळते. कोणत्या खांबाशी वाजली, हे कळत नाही. शिवाय बिघाड घटकाभर येऊन निघून गेला असेल, तर नंतर काढलेला ई.सी.जी. अगदी निर्दोष निघू शकतो.

हृदयाच्या आत जाण्याची वाट जर्मनीतील एबर्सवाल्डे येथील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी १९२९ साली दाखविली. मूत्रमार्गासाठी वापरावयाची नळी त्यांनी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण छायाचित्र काढून घेतले. त्यांची पुष्कळ अवहेलना झाली. परंतु न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी ती वाट राजरस्ता केली, आणि १९५६ सालचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. नळीच्या टोकाशी विजेची कडी बसविली की तीच नळी हृदयाचे बोलणे जागच्या जागी ऐकू लागते. कर्णिकांतून जवनिकांकडे वीज नेणारा एक बारीक तंतूंचा जुडगा आहे. विल्हेल्म हिस यांनी तो १८९३ साली वर्णिला. त्याचा सूक्ष्म संकेत मांडीच्या शिरेतून नेलेल्या कॅथेटरने खात्रीने टिपण्याची पद्धत अमेरिकेतील बेंजामिन शेरलाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केली. तेथून जवनिकांपर्यंत लहर जावयास निरोगी माणसात सुमारे ३५ ते ५५ सहस्रांश सेकंद लागतात. एवढ्या क्षणार्धातील विलंबही आता मोजता येऊ लागला.

परंतु केवळ ऐकणे पुरेसे नव्हते. ॲम्स्टरडॅम येथे डर्क डुरर आणि पॅरिसमध्ये फिलिप कूमेल यांनी १९६७ साली वेगवेगळे काम करून असे दाखविले की, कॅथेटरमधून ठरावीक वेळी विजेचे हलके ठोके दिले, तर रोग्याची धडधड मुद्दाम सुरू करता येते आणि तशीच थांबविताही येते. हाइन वेलेन्स यांनी पुढे ही पद्धत जवनिकांच्या धडधडीलाही लावली. लेव्ही यांनी मांजरांवर जे केले, तेच हे, फक्त सावधपणे आणि माणसाच्या हितासाठी. विकार आपण होऊन प्रकट होण्याची वाट न पाहता, ज्या परिस्थितीत तो उठतो ती निर्माण करावयाची, तो कोठून उठला ते पाहावयाचे, आणि हृदय थरथरू लागलेच तर ते ताळ्यावर आणण्यासाठी विजेचा धक्का देणारे यंत्र शेजारी सज्ज ठेवावयाचे. १९८० नंतरच्या दशकांत तर, बिघाडाचे मूळ सापडले की कॅथेटरच्याच टोकाने तो काही मिलिमीटरचा भाग उष्णतेने निकामी करण्याचे तंत्र रूढ झाले.

मॅकविल्यम यांच्या थरथरीचे मूळही अखेर काही रोग्यांत सापडले. फ्रान्समधील बोर्दोचे मिशेल हैसागेर आणि त्यांचे सहकारी यांनी, ज्यांच्या हृदयात अन्य कोणताही दोष आढळत नव्हता आणि तरी जवनिका थरथरू लागत, अशा रोग्यांच्या हृदयांत कॅथेटर नेऊन शोध घेतला. त्यांतील पुष्कळांत पहिली ठिणगी पुर्किन्ये नावाच्या वाहक तंतूंत पडते असे त्यांना आढळले, आणि ती जागा निकामी करताच विकार आटोक्यात आला. हा शोध २००२ साली ज्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, ते ‘लॅन्सेट’च होते. हृदय निर्दोष आहे असा हैदराबादचा अहवाल ज्याने छापला होता, त्याच्याच पानांवर ११२ वर्षांनी हृदयातील गुन्हेगाराचा ठावठिकाणा छापला गेला.

म्हणून हैदराबादच्या कमिशनला हसावे काय? तसे करणे अन्यायाचे होईल. भूल देताना श्वासमार्ग मोकळा ठेवावा आणि श्वासावर अखंड नजर असावी, हा त्याचा आग्रह आजही भूलशास्त्राचा पाया आहे. एका संस्थानाने परक्या देशातील टीकाकाराला स्वखर्चाने बोलावून आपले प्रयोग त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा करविले, हा मोठेपणाही विसरण्याजोगा नाही. दोष शोधण्यात नव्हता. ‘आम्हांस दिसले नाही’ असे म्हणावयाचे तेथे ‘मुळीच नाही’ असे म्हटले गेले, त्यात होता. या एका शब्दाने नाडीवरचा हात उचलला गेला.

ही सावधगिरी केवळ इतिहासापुरती नाही. एखाद्याला मधूनच घेरी येते, छातीत एकाएकी धडधडते, घरात कोणी तरुण वयात अकस्मात गेलेले असते, आणि ई.सी.जी. मात्र स्वच्छ निघतो. कॅथेटरची तपासणी सर्वांना लागते असे नाही; तिच्यात थोडा धोकाही असतो, आणि ती करावी की नाही हे जाणत्या हृदयवैद्यानेच ठरवावयाचे असते. परंतु एका स्वच्छ कागदाच्या बळावर अशा माणसाला ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असे सांगणे म्हणजे १८८९ चा निकाल पुन्हा देणे होय. जे अद्याप योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी पाहिलेच नाही, ते नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही.