रहस्यकथेतील नोकरीची मुलाखत

नोकरीची मुलाखत हे रहस्यकथा व थरारकथा या साहित्यप्रकारांत वारंवार आढळणारे कथासूत्र आहे. नोकरीच्या शोधात असलेली व्यक्ती मुलाखतीला जाते. कामाच्या मानाने पगार अवाजवी जास्त असतो, अटी चमत्कारिक असतात आणि नोकरी देणाऱ्याचा खरा हेतू दडवून ठेवलेला असतो, असे या सूत्राचे सर्वसाधारण रूप आहे. इंग्रजी साहित्यात ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्थर कॉनन डॉइल यांच्या शेरलॉक होम्सच्या कथांमधून रूढ झाले. भाषांतरांच्या द्वारे ते मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. या प्रकारच्या कथांबद्दल वाचकांची मते बहुधा तीन प्रश्नांभोवती विभागलेली दिसतात: उमेदवार फसला हे पटते का, लेखकाने सुगावे प्रामाणिकपणे दिले आहेत का आणि शेवट समाधानकारक आहे का.

स्वरूप

मुलाखतीच्या प्रसंगात दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. प्रश्न विचारण्याचा अधिकार एकाच बाजूकडे असतो. उमेदवाराला नोकरीची गरज असल्यामुळे तो खटकणाऱ्या गोष्टींकडे कानाडोळा करतो. वाचकाला मात्र धोक्याची जाणीव आधीच होते. पात्राला ठाऊक नसलेले, पण वाचकाला जाणवणारे संकट हा उत्कंठेचा पाया असल्याने हा प्रसंग थरारकथेला सोयीचा ठरतो. या कथांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात मुलाखत हा सापळ्याचा केवळ दरवाजा असतो व संकट नोकरी स्वीकारल्यानंतर सुरू होते. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण कथानक मुलाखतीच्या खोलीतच घडते.

होम्सच्या कथा

डॉइल यांच्या किमान चार कथांचा आरंभ अशा कामाच्या प्रस्तावाने होतो. या सर्व कथा 'स्ट्रँड' मासिकात प्रसिद्ध झाल्या.

'द रेड-हेडेड लीग' (ऑगस्ट 1891) या कथेत जाबेझ विल्सन या सावकाराची निवड केवळ त्याच्या लाल केसांमुळे होते. केस खरे आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी मुलाखत घेणारा ते ओढून पाहतो. आठवड्याला चार पौंड वेतन आणि काम म्हणजे रोज दहा ते दोन या वेळेत एका ज्ञानकोशाच्या नोंदी उतरवून काढणे. विल्सनला दुकानापासून दूर ठेवून तळघरातून शेजारच्या बँकेपर्यंत भुयार खणणे हा नोकरीमागील खरा हेतू असतो.

'द इंजिनियर्स थम' (मार्च 1892) मध्ये व्हिक्टर हॅदर्ली या तरुण अभियंत्याला एका रात्रीच्या कामासाठी पन्नास गिनी देऊ केल्या जातात. दाबयंत्र तपासायला गेलेला हा अभियंता खोटी नाणी पाडणाऱ्या टोळीच्या तावडीत सापडतो आणि जीव वाचवताना अंगठा गमावतो.

'द कॉपर बीचेस' (जून 1892) मध्ये व्हायोलेट हंटर हिला गव्हर्नेसची, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकेची, नोकरी मिळते. पूर्वी महिन्याला चार पौंड मिळवणाऱ्या व्हायोलेटला वर्षाला शंभर पौंडांचा प्रस्ताव येतो. मात्र तिने केस कापावेत आणि सांगितलेला निळा पोशाख घालून खिडकीत बसावे अशा अटी असतात. ती प्रथम नकार देते. नंतर रक्कम वाढवली जाते, हाताशी दुसरे काम नसते आणि ती होम्सचा सल्ला घेऊन नोकरी स्वीकारते. कोंडून ठेवलेल्या मुलीच्या जागी तिला उभे करून त्या मुलीच्या वाग्दत्त वराची दिशाभूल करणे हा मालकाचा डाव असतो. कथेतील केसांची कल्पना डॉइल यांना त्यांच्या आईने सुचवली होती.

'द स्टॉकब्रोकर्स क्लार्क' (मार्च 1893) मध्ये हॉल पायक्रॉफ्ट याला एका नामांकित पेढीत दोनशे पौंडांची नोकरी मिळालेली असताना अनोळखी माणूस पाचशे पौंड देऊ करतो. संमती म्हणून पायक्रॉफ्टकडून दोन ओळी लिहून घेतल्या जातात. त्याचे हस्ताक्षर मिळवून मूळ नोकरीवर त्याच्याच नावाने तोतया पाठवण्यासाठी ही मुलाखत घडवलेली असते.

नंतरच्या कलाकृती

हेन्री जेम्स यांच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' (1898) या लघुकादंबरीतील गव्हर्नेसला मुलाखतीत एकच विलक्षण अट घातली जाते: काहीही झाले तरी मालकाला कळवायचे नाही. जॉन ग्रिशम यांच्या 'द फर्म' (1991) या कादंबरीत मिच मॅकडिअर हा तरुण वकील मेम्फिस येथील एका पेढीच्या भरघोस पगाराला भुलतो. पेढीचे गुन्हेगारी टोळीशी असलेले संबंध आणि तेथून बाहेर पडण्याची अशक्यता त्याला उशिरा कळते.

केवळ मुलाखतीच्या खोलीत घडणाऱ्या कलाकृतींमध्ये स्पेनमधील कातालान नाटककार जोर्दी गालसेरान यांचे 'ग्रोनहोल्म पद्धत' (2003) हे नाटक महत्त्वाचे मानले जाते. चार उमेदवारांना एकमेकांच्या कसोट्या घ्यायला लावल्या जातात. त्यांपैकी खरा उमेदवार एकच असून उरलेले तिघे परीक्षक असल्याचे शेवटी उघड होते. त्यावर आधारित चित्रपट 2005 मध्ये प्रदर्शित झाला. 'एक्झाम' (2009) या ब्रिटिश चित्रपटात आठ उमेदवार, ऐंशी मिनिटांची मुदत आणि कोरी उत्तरपत्रिका एवढ्याच सामग्रीवर कथानक उभे आहे. जपानी लेखक असाकुरा आकिनारी यांच्या 'सहा खोटारडे विद्यार्थी' या आशयाच्या नावाच्या कादंबरीत (2021) अंतिम फेरीतील सहा जणांनी आपल्यातून एकाची निवड करायची असते आणि प्रत्येकाचे जुने गैरकृत्य सांगणारे लिफाफे खोलीत सापडतात.

मराठीतील स्थिती

मराठीत रहस्यकथेचा मोठा वाचकवर्ग बाबूराव अर्नाळकर यांनी घडवला. झुंजार, धनंजय–छोटू, काळापहाड या त्यांच्या नायकांच्या कथा वाचनालयांतून घरोघरी पोहोचल्या. त्यांच्या पुस्तकांची संख्या हजाराहून अधिक सांगितली जाते. पुढे नारायण धारप यांची भयकथा, रत्नाकर मतकरी यांची गूढकथा आणि सुहास शिरवळकर यांच्या रहस्यकादंबऱ्या वाचकप्रिय झाल्या. भालबा केळकर यांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या.

मराठीतील रहस्यकथेच्या वाट्याला लोकप्रियता आली तरी समीक्षेने तिला दीर्घकाळ गौण स्थान दिले. वाचनालयातून एका दिवसात वाचून परत करायचे पुस्तक अशीच तिची ओळख राहिल्याने अनेक जुन्या पुस्तकांच्या प्रती आज दुर्मीळ आहेत. मतकरी व धारप यांच्या कथांवरील मालिका व चित्रपटांमुळे या लेखनाकडे नव्या वाचकांचे लक्ष वेधले गेले.

वाचकांची मते

विश्वासार्हता: 'एवढा उघड धोका दिसत असताना पात्राने नोकरी का स्वीकारावी?' हा या कथांवरील नेहमीचा आक्षेप आहे. याला उत्तर देणारे वाचक पात्राच्या आर्थिक स्थितीकडे बोट दाखवतात. व्हायोलेट हंटरला धोका कळत नाही असे नसून नकार देणे तिला परवडत नाही. जेथे लेखक ही गरज नीट उभी करतो तेथे आक्षेप मावळतो. जेथे करत नाही तेथे पात्र मूर्ख वाटू लागते.

सुगाव्यांचा प्रामाणिकपणा: उकल होण्यापूर्वी सर्व दुवे वाचकासमोर असावेत, हा संकेत एस. एस. व्हॅन डाइन (1928) व रोनाल्ड नॉक्स (1929) यांनी नियमांच्या रूपात मांडला. या दृष्टीने 'द स्टॉकब्रोकर्स क्लार्क'मधील लिहून घेतलेली संमती हा उघड्यावर ठेवलेला, तरीही नजरेतून सुटणारा दुवा आहे. वाचक तपशील किती बारकाईने तपासतात याचे उदाहरण म्हणजे 'द रेड-हेडेड लीग'मधील तारखा. जाहिरात एप्रिलमधील, ती दोन महिन्यांपूर्वीची असल्याचा उल्लेख आणि संस्था विसर्जित झाल्याची तारीख मात्र ऑक्टोबरमधील, अशी विसंगती कथेत आहे. लेखिका डोरोथी सेयर्स यांनी या तारखांवर स्वतंत्र लेख लिहिला. तरीही या चुकीने कथेची लोकप्रियता घटली नाही. 1927 मध्ये 'स्ट्रँड'ने वाचकांसाठी स्पर्धा घेतली, तीत डॉइल यांनी निवडलेल्या बारा सर्वोत्तम कथा ओळखायच्या होत्या. लेखकाच्या यादीत ही कथा दुसऱ्या क्रमांकावर होती.

शेवट: सर्वाधिक मतभेद शेवटाबद्दल असतात. 'ग्रोनहोल्म पद्धत'सारख्या कलाकृतीत अखेरची कलाटणी आधीच्या प्रत्येक संवादाचा अर्थ बदलते. काहींना ती कौशल्याची परिसीमा वाटते, तर काहींना आतापर्यंतची गुंतवणूक वाया गेल्यासारखे वाटते. 'द फर्म'च्या 1993 मधील चित्रपटात शेवट बदलल्याने मूळ कादंबरीशी त्याची तुलना होत राहिली. 'द टर्न ऑफ द स्क्रू'मधील भुते खरी की गव्हर्नेसच्या मनाचे खेळ, हा वाद समीक्षक एडमंड विल्सन यांच्या 1934 मधील निबंधानंतर अधिक तीव्र झाला व अद्याप मिटलेला नाही.

वास्तवाशी संबंध

या कथासूत्राचे आकर्षण केवळ कल्पनारंजनात नाही. बेरोजगारीच्या काळात मुलाखत हा अपमानाचा व असहायतेचा अनुभव ठरतो. सत्यजित राय यांच्या 'प्रतिद्वंद्वी' (1970) या बंगाली चित्रपटातील मुलाखतीचा प्रसंग थरारकथा नसूनही याच कारणाने स्मरणात राहिला. अलीकडच्या काळात परदेशी नोकरीच्या आमिषाने भारतीय तरुणांना कंबोडिया, म्यानमार व लाओस येथे नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार उघडकीस आले असून भारत सरकारने अनेकांची सुटका केली आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालाला उत्प्रवासन अधिनियम, 1983 नुसार नोंदणी बंधनकारक आहे.

अवाजवी वेतन, कामाचे अस्पष्ट स्वरूप, तातडीने होकार देण्याचा आग्रह आणि कोणाला न कळवण्याची अट ही कथांमधील धोक्याची चिन्हे प्रत्यक्ष फसवणुकीतही आढळतात. व्हायोलेट हंटर निर्णयापूर्वी दुसऱ्याचा सल्ला घेते आणि बचावते. पायक्रॉफ्ट व हॅदर्ली हे फसवणूक झाल्यानंतर होम्सकडे येतात.