घरगुती शुश्रूषेची पारख



गेल्या वर्षी आमच्या आत्याबाई घरात पडल्या व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. वय चौऱ्याऐंशी. नव्या मुंबईत नेरूळला तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात, चिरंजीव परदेशी. शस्त्रक्रिया नीट पार पडली, आणि घरी आल्यावर एका ब्यूरोमार्फत बारा-बारा तासांच्या पाळीवर दोन बाया ठेवण्यात आल्या. दर आठवड्यास ब्यूरोतून फोन येई व दोन प्रश्न विचारले जात : बाई वेळेवर येते ना? गणवेश घालते ना? दोन्ही प्रश्नांचे खरे उत्तर ‘होय’ असेच होते. पाचव्या आठवड्यात अंग पुसण्यासाठी मी आत्याबाईंना कुशीवर वळविले, तो माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम! दोन खरे होकार, आणि त्यांच्या आड वाढत राहिलेले शय्याव्रण. तेव्हापासून मनात घोळत असलेला विषय आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. घरी होणाऱ्या शुश्रूषेची पारख आजवर कोणी व कशी केली, आणि ती करताना पाहावयाचे ते काय राहून गेले?

जुन्या एकत्र कुटुंबात ही पारख शेजारपाजार करीत असे. सासऱ्याचे अंथरूण स्वच्छ आहे, सासूला वेळेवर पेज मिळते, एवढे आल्यागेल्याच्या नजरेस पडले की सून गुणाची ठरे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो मला फारसा पटत नाही. जेथे सेवा उत्तम झाली तेथे ती बहुधा एखाद्या सुनेच्या किंवा घरातल्या विधवेच्या अखंड जागरणावर झाली, आणि त्या जागरणाचा हिशेब कोणी ठेवला नाही. जेथे हेळसांड झाली तेथे म्हाताऱ्या माणसाने दाद मागावी तरी कोणाकडे?

या कामाला शिक्षणाची व प्रतिष्ठेची जोड देण्याचा मोठा प्रयत्न पुण्यास झाला. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुणे सेवासदनाची उभारणी केली, आणि त्या संस्थेने स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून देण्याची सोय केली. परक्या माणसाच्या मलमूत्रास हात लावणे हलके मानणाऱ्या समाजात हे धाडस लहान नव्हते. पुढे भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये, आणि महाराष्ट्रापुरता परिचारिकांचा कायदा १९६६ मध्ये झाला. शिक्षण ठरले, परीक्षा ठरली, नोंदणी ठरली. परंतु प्रमाणपत्र सांगते ते एवढेच, की ही बाई अमुक शिकली आहे. अमुक घरात मंगळवारी दुपारी तिने काय केले हे ते सांगू शकत नाही. शिवाय आज घरोघरी येणारी बाई बहुधा परिचारिका नसतेच. ती ‘मावशी’ असते, ‘ताई’ असते, आणि परिचारिकांच्या नोंदवहीत तिचे नाव नसते.

कायद्याच्या नजरेतून घर निसटले ते येथेच. १९४९ चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा पाहा. रुग्णांना दाखल करून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणारी जागा त्याने नोंदणीखाली आणली. जागा असली की तपासनीस येऊ शकतो, खाटा मोजू शकतो. पण खाट ज्या क्षणी घरात येते त्या क्षणी ते शुश्रूषागृह राहत नाही. माणूस तोच, जखम तीच, मात्र मोजणारा नाही.

या प्रश्नाशी पाश्चात्त्य देश आधी झुंजले. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी १८५९ मध्ये आजारी पत्नीसाठी मेरी रॉबिन्सन ही परिचारिका घरी ठेवली. पत्नी वारल्यावर त्याच बाईंस त्यांनी गावातील गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याच्या कामावर नेमले, आणि तेथून इंग्लंडातील घरोघरच्या शुश्रूषेची पद्धत वाढीस लागली. त्याच सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे शुश्रूषेवरील लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील दोन विचार मला आत्याबाईंच्या खाटेशी उभे असताना आठवले. एक असा, की शय्याव्रण झाले तर तो दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा समजावा. दुसरा त्याहून खोल आहे : आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही होईल अशी तजवीज करणे हेच शुश्रूषेचे मर्म. ब्यूरोचे दोन्ही प्रश्न केवळ हजेरीचे होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

नाइटिंगेलबाईंना जे सुचले त्यास मापाचे रूप येण्यास शंभर वर्षे लागली. अमेरिकेत सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये वृद्ध व जर्जर रुग्णांसाठी सहा साध्या क्रिया निवडल्या : स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, खाटेवरून उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. यांपैकी किती गोष्टी माणूस आपल्या आपण करतो, हे पाहावयाचे. आवेदिस दोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेच्या पारखीची तीन अंगे सांगितली : साधने कोणती, प्रत्यक्ष कृती कशी झाली, आणि फळ काय आले. आमच्या ब्यूरोने साधन पाहिले. कृती व फळ ही दोन्ही चादरीखाली राहिली.

आता नवी मुंबईच का, असे आपण विचाराल. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळविण्यासाठी आखलेल्या या शहरात पहिली घरे घेतली ती बहुतांशी कमावत्या वयाच्या जोडप्यांनी. त्यांच्यासाठी शाळा हव्या होत्या, मैदाने हवी होती; लिफ्ट नसलेले तीन-चार मजले त्यांच्या पायांना जड नव्हते. मुंबईहून येणारी लोकल १९९२ मध्ये वाशीस पोहोचली, आणि नवी मुंबई महानगरपालिकाही त्याच वर्षी १ जानेवारीस अस्तित्वात आली. ती जोडपी आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि जिने तेच आहेत. एका पिढीने एकदम येऊन वसविलेले शहर एकदमच म्हातारे होते, ही गोष्ट आखणी करणाऱ्यांच्या नकाशावर कशी दिसावी? देशाचे म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसे सुमारे १० कोटी ४० लाख भरली.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ मध्ये झाला. त्याचा भर पोटगीवर, मालमत्तेवर व वृद्धाश्रमांवर होता. घरी येणाऱ्या सेवेचा त्यात विचार नव्हता. तो प्रथम आला २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी, सेवेचा किमान दर्जा ठरावा, सेवक शिक्षित असावेत, असे त्यात होते. विधेयक संसदीय समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला; पण २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होईपर्यंत ते मंजूर झाले नाही, आणि तिच्याबरोबरच ते मावळले.

एक गोष्ट मात्र याच नव्या मुंबईच्या बाजारपेठेतून शिकण्यासारखी आहे. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहणारे माथाडी कामगार आज एका व्यापाऱ्याकडे, तर उद्या दुसऱ्याकडे काम करतात. अशांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्येच कायदा करून मंडळे नेमण्याची सोय केली; कामगार व मालक या दोघांचीही नोंद तेथे होते आणि मजुरी मंडळामार्फत मिळते. माणसाला उचलून खुर्चीत बसविणाऱ्या बाईसाठी तसे मंडळ का नसावे, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

कारण आत्याबाईंच्या जखमेचा उलगडा अखेर तेथेच झाला. दिवसपाळीची बाई रात्री घणसोलीस दुसऱ्या रुग्णाकडे जात होती, हे विचारल्यावर कळले. एकटीने भारी माणसाची कूस कशी पालटावी हे तिला कोणी शिकविलेच नव्हते, आणि आम्ही देत असलेल्या पैशांतून कमिशन वजा जाता तिच्या हाती पडे ते एका पाळीत भागण्याजोगे नव्हते. मी आधी तिच्यावरच रागावले होते, हे सांगावयास आज संकोच वाटतो.

आम्ही ब्यूरो सोडला आणि पुढे दोन बाया स्वतः ठेवल्या. दोघींना एकेकच पाळी, आठवड्यास एक पुरी सुटी, आणि पहिले चार दिवस एका जाणत्या परिचारिकेकडून शिकवणी. खाटेच्या दांडीस एक शंभर पानी वही बांधली. तीत कूस पालटल्याची वेळ, पाणी किती प्याले, कातडीचा रंग आणि कॅट्झसाहेबांच्या सहा क्रियांची टिपणे लिहावयाची. जखम भरण्यास दहा आठवडे लागले. आता आत्याबाई वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जातात. परवा वही चाळताना एका पानावर त्यांचेच थरथरते अक्षर दिसले : ‘सकाळचा चहा मी केला. बाईंनाही दिला.’