स्क्रीनवरचा ठसा आणि वॉरंटीची मुदत

एकच चित्र फार वेळ राहिले की स्क्रीनवर त्याचा पुसट ठसा कायमचा उमटतो. बर्न-इन म्हणून ओळखला जाणारा हा दोष स्मार्टफोनहून बराच जुना आहे. जुन्या मॉनिटरच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप असे. इलेक्ट्रॉनांचा मारा सतत एकाच जागी झाला की तिथला लेप झिजे. त्यावर जॉन सोचा यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: काही मिनिटे कळ दाबली नाही तर तो स्क्रीन काळी करी. डिसेंबर १९८३ मध्ये तो 'सॉफ्टटॉक' या अमेरिकी मासिकात छापून आला आणि स्क्रीनसेव्हरची परंपरा सुरू झाली.

पुढे एलसीडी आल्या. त्यांत उजेड मागच्या दिव्याचा असल्याने ही काळजी बरीचशी मिटली.

ओएलईडीने ती परत आणली. या तंत्राचा पाया कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये घातला. यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण प्रत्येक ठिपका आपापल्या वापराप्रमाणे झिजतोही. निळा सर्वांत लवकर मंदावतो. ब्राइटनेस वाढवला की जास्त वीज वाहते, आणि दुप्पट उजेडाला आयुष्य निम्म्याहूनही कमी उरते. दुकानात दिवसभर पूर्ण ब्राइटनेसवर चालणाऱ्या नमुन्याच्या फोनवर हे लवकर दिसते. अशा फोनवर कोरे राखाडी चित्र लावले की वरची घड्याळाची पट्टी, खालची तीन बटणे, कधी कीबोर्डची चौकटही उमटलेली आढळते.

जबाबदारीचा प्रश्न २०१७ मध्ये ऐरणीवर आला. गूगलचा पिक्सेल २ एक्सएल हा ओएलईडी फोन बाजारात येऊन काही दिवसच झाले असताना ठशांच्या तक्रारी आल्या. ही झीज नेहमीचीच असल्याचे गूगलने सांगितले, तरी वॉरंटी दोन वर्षांची केली आणि अपडेटमधून कमाल ब्राइटनेस ५० निट्सने (निट हे उजेडाचे एकक) उतरवला, खालची बटणेही मंद केली. त्याच वर्षी आयफोन एक्सबाबत ॲपलने लिहिले की दीर्घ वापरानंतर असे बदल होणे अपेक्षितच आहे. ग्राहकाची अडचण नेमकी इथे आहे. वॉरंटी निर्मितीतल्या दोषाला मिळते, झिजेला नाही; आणि ही सीमारेषा कंपनीच आखते.

भारतात फोनला सहसा एक वर्षाची वॉरंटी असते. २०२३ मध्ये वनप्लसने इथल्या काही मॉडेलांच्या स्क्रीनला आजीवन वॉरंटी दिली, ती मात्र स्क्रीनवर उभ्या उमटणाऱ्या हिरव्या रेघेच्या दोषासाठी. रेघ अचानक उमटते, कुणालाही दिसते आणि तिचा दोष ग्राहकावर ढकलता येत नाही. हळूहळू येणाऱ्या ठशाला तेवढे औदार्य क्वचितच लाभले आहे. दरम्यान जाहिरातींतला ब्राइटनेस चढतच गेला. २०२४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस२४ अल्ट्राचा कमाल आकडा २६०० निट्स होता. एवढा उजेड कडक उन्हात, तोही थोडा वेळच मिळतो. वॉरंटीचा हिशेब मात्र महिन्यांतच होतो, स्क्रीन किती तास आणि किती उजेडात जळली यावर नाही.