तिरळ्या डोळ्याची शस्त्रक्रिया आणि डोळ्यांतील दाब

पांझरेच्या उत्तर तीरावर धुळें शहराचें देवपूर वसलें आहे. तेथील एखाद्या मुलाचा डोळा तिरळा असला आणि शिवाय जाड भिंगांचा चष्मा असला, तर नेत्रवैद्य शस्त्रक्रियेच्या आधीं व नंतर त्याच्या डोळ्यांतील दाब मोजून पाहतो. घरच्यांस हें किरकोळ वाटतें. पण त्या एका आंकड्यावर विसंबतां येण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

२६ ऑक्टोबर १८३९ रोजीं बर्लिन येथें डीफेनबाख या शल्यविशारदानें सात वर्षांच्या एका मुलाचा नाकाकडे वळलेला डोळा, आंतील बाजूचा स्नायु तोडून, सरळ केला. ईथरची गुंगी देण्याची युक्ति तेव्हां निघावयाची होती. ती १८४६ सालीं आली. तरीहि या शस्त्रक्रियेची यूरोपभर जणूं सांथच पसरली. पण स्नायु पार तुटल्यानें कित्येकांचा डोळा पुढें उलट दिशेस, बाहेर वळला, आणि ही शस्त्रक्रिया बदनाम झाली. त्याच बर्लिनमधील फॉन ग्रेफे यानें १८५० नंतर स्नायूचा केवळ कंडरा बेतानें सोडविण्याची रीत रूढ केली. तीव्र काचबिंदूंत डोळ्याच्या रंगीत पडद्याचा तुकडा काढून दाब उतरवितां येतो, हें १८५७ सालीं दाखविलें तेंहि त्यानेंच. तिरळेपणा आणि दाब हे दोन प्रश्न असे एकाच हातीं आले.

दाब मोजावा कसा? लंडनच्या बोमन यानें १८६२ सालीं, मिटल्या पापणीवर बोटें ठेवून डोळ्याचा कठीणपणा अजमावण्याच्या पायऱ्या ठरविल्या. पण बोट तें बोटच! १९०५ सालीं नॉर्वेच्या श्योट्झ यानें उपकरण काढलें. ठराविक वजनाची सळई बुबुळावर टेकवावयाची आणि ती किती रुतते तें पाहावयाचें.

गोम होती ती येथेंच. साधारण डोळा सुमारें २४ मिलिमीटर लांब असतो. अति ऱ्हस्वदृष्टीचा डोळा २६ हून अधिक लांबतो, आणि त्याची भिंत पातळ व सैल होते. अशा डोळ्यांत सळई अधिक रुतते आणि दाब खऱ्याहून कमी दिसतो. कमी दिसलेला दाब म्हणजे कदाचित् लपलेला काचबिंदू! अमेरिकेंतील फ्रीडेनवाल्ड यानें १९३७ सालीं भिंतीच्या या ताठपणाचें गणित मांडलें. त्यांत तिरळेपणाची आणखी एक भानगड आहे. आखडलेला स्नायु डोळ्यास आवळून धरतो. त्याविरुद्ध नजर फिरविली कीं दाब चढतो, आणि स्नायु सोडविला कीं उतरतो. मग शस्त्रक्रियेनंतर आंकडा घटला, तर तो स्नायु सुटल्यानें घटला कीं सैल भिंतीमुळें उपकरण फसलें? श्योट्झच्या सळईला हें सांगतां येत नसे. बर्न येथील गोल्डमान यानें १९५० च्या दशकांत बुबुळाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग केवळ सपाट करून मोजण्याचें साधन दिलें. त्यांत भिंतीच्या सैलपणाचा अडथळा पुष्कळ कमी झाला, जरी बुबुळाच्या जाडीचा उरलाच.

तोंवर दुसरें संकट उभें राहिलें होतें, आणि तें औषधाच्या कुपींतून आलें. शस्त्रक्रियेनंतर सूज उतरण्यास घालतात त्या स्टेरॉइडच्या थेंबांनीं कांहीं जणांचा दाब वाढतो, असें १९६० च्या दशकांत बेकर व आर्माली यांनीं सिद्ध केलें. अति ऱ्हस्वदृष्टीच्या माणसांत हा धोका विशेष. वाढ बहुधा कांहीं आठवड्यांत दिसते, डोळा दुखत नाहीं, आणि थेंब वेळींच थांबविले तर बहुतेकांचा दाब पूर्ववत् होतो.